बेशकर

इब्रीच्या कोर्टात एसी इतका की बोटं आखडतात.
काचेपलीकडे शमसा नावाची मुलगी
माझं नाव शोधते आहे.

माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर
इलियास अजून बसलेला.
पती : इलियास अब्बास पेचकर.
मस्कतच्या खिडकीतला पोरगा म्हणाला,
हे नाव काढायचं तर तलाकचा कागद आणा.
माणूस उठून गेला त्याला सतरा वर्षं झाली,
कागदावरून उठवायला मात्र कागद लागतो.

कुठलं साल, शमसा विचारते.
साल मला सांगता येत नाही.
मी म्हणते, अबायाच्या बाह्या मनगटाशी तंग होत्या तेव्हाचं,
खड्यांचं काम नुकतं आलं होतं,
वादीला पूर येऊन धंकचा रस्ता तीन दिवस बंद होता.
ती हसत नाही. आत सांगून
हिरव्या पाठीचं एक रजिस्टर मागवते.
तिच्या आईचे अबाये मीच शिवते,
हे तिला बहुतेक ठाऊक आहे.

पेचकर नाही, म्हणते.
चिपळूण तर मुळीच नाही.

बराच वेळ जातो. शेजारच्या बाकावर
एक म्हातारा पोटगीच्या पावत्या पुन्हा पुन्हा मोजतो.
मग माझी ट्यूब पेटते.
ह्यांच्या अक्षरांत प नाही. च नाही.
ळ तर वाशिष्ठीपलीकडेच राहिला.
ब लावून बघ, पोरी,
आणि च च्या जागी श.

पान सापडतं.
झुलेखा बेशकर. गाव शिबलून.

अक्षरं मला येतात,
सहाव्या वर्षी मदरशात छडी खाऊन शिकले.
अर्थ कुणी शिकवला नाही.
म्हणून मी बोट ठेवून वाचते,
आणि शमसा सांगते काय वाचलं ते :
पती हजर.
साक्षीदार दोन, एकाचा अंगठा.
पत्नी गैरहजर.

गैरहजर!
कोर्टापासून माझं दुकान
मध्ये एक हलव्याचं, एक मोबाइलचं, एक कायमचं बंद,
चालत सहा मिनिटं.
मी तिथेच होते की.
तोंडात टाचण्या धरून कुणाचा तरी घेर मापत होते.
हाक मारली असती तरी आले असते.

तारीख ती मोबाइलवर इंग्रजीत करून देते.
फेब्रुवारी.
तो गेला ऑगस्टमध्ये.
मी बोटांवर मोजते, मग पुन्हा मोजते.
सहा महिने हा माणूस रात्री घरी येत होता,
सुकट भाज म्हणत होता,
घावन्यांत मीठ कमी म्हणत होता.
माझी इद्दत
मी त्याच्याच शर्टांना बटणं लावत काढली.
बाकीचं शमसाला सांगत नाही,
लग्नाची मुलगी आहे.

नाव दुरुस्त करायचं का, खाला?
वेगळा अर्ज, तीन रियाल, रविवारी या.

थांब जरा, म्हणते मी,
बघू दे.
आमच्या भाषेत बेश म्हणजे छान, झकास.
पोर परीक्षेत पास झालं की अब्बा म्हणायचे, बेश!
आणि पेच म्हणजे पेच.
त्या कारकुनाने, कोण असेल तो,
नावातला पेच काढून टाकला
आणि वर बेश ठेवून दिलं,
माझ्या गैरहजेरीत.
ह्या पानावरची बाई सुटून सतरा वर्षं झाली,
मला आज कळतंय.

दुरुस्ती करावीच लागणार.
मस्कतचा पोरगा बेशकर मानायचा नाही.
मी पर्समधून तीन रियाल काढते,
वर थोडे बैसा निघतात, ते परत ठेवते.

पावती सरकवताना शमसा हळूच म्हणते,
आईच्या काळ्या अबायाची बाही उसवलीय.

आण, म्हणते मी.
सहा मिनिटांवर तर आहे.